खिडकीतलं वालय

पान. डावीकडच्या थर्माकोलच्या खोक्यातलं, अगदी कडेच्या रोपाचं. जान्हवीच्या तोंडात ब्रश होता आणि ती खिडकीच्या ग्रिलमध्ये वाकून कबुतराला हाकलत होती. कबूतर फडफडत उडालं, पान हललं, उलटं झालं, पुन्हा सुलटं झालं, आणि पानावर तो डाग होता. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर, पोटात राखेचा रंग, कडेला विटकरी काठ. मिटता मिटता उघडा राहिलेल्या डोळ्यासारखा. असले डाग तिने आयुष्यभर पाहिले होते. भिंगाखाली, फोटोत, चिखलात उभं राहून, शेतकरी नाकासमोर धरत तेव्हा. एकाही डागाने कधी तिच्याकडे उलट पाहिलं नव्हतं. टूथपेस्टचा फेस हनुवटीवरून ओघळून खालच्या मजल्याच्या दिशेने पडला आणि तिला कळलंसुद्धा नाही. हा डाग कुठून आला असणार हे तिला ठाऊक होतं. आणि तिथून तो इथे येणं शक्य नव्हतं, कारण ती कुंडी न्हाणीघरात होती. होती. आता कुठे

"काय गो, अंडी घातल्यान की काय कबुतरान?" आतून आई.

"नाही. उडालं."

"मगे भायर काय बघतस इतक्या? चाय थंड होता."

जान्हवीने पान खुडलं, मुठीत दुमडलं, ब्रश तसाच तोंडात ठेवून खोलीत आली आणि पान पर्समध्ये, आतल्या चेनच्या कप्प्यात टाकलं. चोरी करताना माणूस जसं उगाच काहीतरी गुणगुणतं तसं तिने गुणगुणून पाहिलं. तोंडात फेस असल्यामुळे ते जमलं नाही.

लोक खिडकीत तुळस लावतात, मनीप्लांट लावतात, फार तर मिरची. जान्हवीच्या आईने, सुगंधाने, भात लावलं होतं. घाटकोपरला पंतनगरातल्या म्हाडाच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मासळीवाल्याकडून मागून आणलेल्या थर्माकोलच्या तीन खोक्यांत, चिखल करून, जूनमध्ये पेरून, जुलैत लावणी करून. गावचं लाल भात, वालय. पेजेचं. जान्हवीच्या धाकट्या भावाच्या, नितेशच्या शेतातलं. तो गेल्यावर गावाहून येताना सुगंधाने बाकी काही आणलं नाही, त्याचे कपडेही वाटून टाकले. फक्त एका डब्यात हे बियाणं आणलं आणि पुढच्या जूनमध्ये काही न बोलता पेरलं. मग दर वर्षी. आलेल्या लोंब्यांतलं थोडं पुढच्या वर्षासाठी, आणि मूठभर लोंब्या नव्याच्या पुनवेला आंब्याच्या पानात बांधून दाराला. दारावरचं ते नवं वर्षभर तसंच लोंबत राही, कळकट होई, आणि पुढच्या पुनवेला नवीन बांधताना उतरवलं जाई. यंदा डब्यातलं बियाणं नीट रुजेना म्हणून तिने होतं नव्हतं ते सगळं पेरून टाकलं होतं. डबा धुऊन पालथा घातला होता. खालच्या राधाताई पहिल्या वर्षी भांडायला आल्या होत्या, कारण सुगंधा बांगडे धुतलेलं पाणी खोक्यांत ओतायची आणि ते पाझरायचं. "अहो सुगंधाताई, भाताला पाखरं येतात, माझ्या चादरींना मांजरं येतायत!" सुगंधाने त्यांना पुनवेला लोंबी दिली. तेव्हापासून राधाताई चादरी आतच वाळत घालू लागल्या. आणि जान्हवी मनात म्हणायची, आई, माशाचं पाणी कमी कर, नत्र जास्त होतंय, पानं काळीभोर दिसतात तुला ते कौतुक वाटतं, पण लाडावलेलं पान मऊ असतं. मऊ पान सगळ्यांना आत घेतं. हे ती शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत माइकवर बोलायची. आईला मात्र कधी बोलली नाही. ज्या बाईला आता लाड करायला एवढीच तीन खोकी उरली होती तिला काय सांगायचं, लाड कमी कर?

नितेश मरोळला कुरियरच्या हापिसात होता. एका वर्षी गणपतीला गावी गेला तो परतलाच नाही. फोनवर म्हणाला, शेती करतंय. आई त्याला महिनाभर शिव्या देत होती. आणि जान्हवी, जिचं सगळं शिक्षण भाताला होणाऱ्या बुरशीवर झालेलं, जी अंधेरीच्या एका पिकांच्या औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत बसून करप्याचे ताण, म्हणजे त्या बुरशीचे वेगवेगळे वाण, सांभाळायची, ती खूश झाली. एक तर तो सुखी वाटला, आणि दुसरं म्हणजे तिला ताजी पानं मिळू लागली. मुंबईत जन्मलेला हा मुलगा गावी गेल्यावर मुद्दाम मालवणीतच बोलायचा. "गो ताई, तुझ्या करप्याक ट्रॅव्हल्सात बसवलंय. खिडकीची शीट दिलंय. सकाळी मैत्री पार्काक उतरून घे. आणि काय ता विचारपूस कर, रातभर जागो आसा." ड्रायव्हरच्या शेजारी ठेवलेलं वर्तमानपत्राचं पुडकं घ्यायला ती पहाटे चेंबूरला उभी राहायची. पुडक्यात सुकत आलेली पानं, पानांवर डाग, आणि बहुतेक वेळा एखादं आमसूल, नाहीतर चार काजूबिया. शेजारी उभे असलेले लोक फणस उतरवून घ्यायचे, वृद्ध आईबाप उतरवून घ्यायचे. ती रोग उतरवून घ्यायची आणि हसत हसत हापिसात न्यायची.

(एप्रिलमध्ये त्याने व्हिडिओ पाठवला होता. तरव्याच्या, रोपं करायच्या वाफ्याच्या, कोपऱ्यावर पालापाचोळा, शेण, फांद्यांची कवळं पसरून पेटवलेलं, आणि हा मागे उभा, डोळे चोळत. "ह्येका भाजावळ म्हणतत, डॉक्टरीणबाई. पेरणीच्या आधी जमीन भाजूची. तुमच्या हापिसात हा काय?" तिने उत्तर दिलं होतं, मातीतली बुरशी मरते त्याने, बरोबर आहे. तो म्हणाला, मेल्याशिवाय नवीन रुजत नाय गो. मग स्वतःच हसला, कसलो डायलॉग मारलंय बघ.)

शेवटचं पुडकं आलं त्या आठवड्यात तो फोनवर म्हणाला, "पोटऱ्या दुखतत गो. चिखल भारी आसा यंदा." ती सूक्ष्मदर्शकावर होती. फोन खांद्याने धरलेला. "बाम लाव," ती म्हणाली. एका पानाचा अंधुक फोटो पाहून जी रोग सांगायची, कुठल्या जातीवर, कुठल्या अवस्थेत, पाऊस कधी पडून गेलेला, सगळं, तिला भाऊ म्हणाला पोटऱ्या दुखतात आणि ती म्हणाली बाम लाव. भातशेतीच्या पाण्यातून, टाचेच्या चिरेतून आत शिरणारं जे दुखणं कोकणात दर पावसाळ्यात दोनचार घरं गाठतं, ते लेप्टो त्याला तेव्हाच झालं असेल की आधी की नंतर, हे कुणी सांगू शकलं नाही. डॉक्टर म्हणाले, कुठूनही झालं असेल. हॉस्पिटलात त्याला वेगळ्या खोलीत, एकट्यालाच ठेवलं होतं. घाटात दरड होती. दोघी मायलेकी पोचल्या तेव्हा चिता विझली होती, आणि चुलते चहा विचारत होते. सुगंधा एकच विचारत राहिली. "जवळ कोण होता? तेच्या जवळ कोण होता?" कुणीच नव्हतं. आणि इकडे अंधेरीत, काचेच्या बशीत, ओटच्या लापशीवर त्याने पाठवलेल्या पानातली बुरशी करड्या मखमलीसारखी गोल गोल वाढत होती. छान वाढत होती. बशीच्या काठाला टेकली होती.

त्या ताणाला वहीत नंबर होता, पण चेतना त्याला भाऊ म्हणायची. चेतना गोवंडीची, तिच्याच वयाची, टेबलाला टेबल लावून इतकी वर्षं बसलेली. सुरुवातीला ती दबकत बोलायची, मग तिनेच ठरवलं की रडत बसण्यापेक्षा हे बरं. "अगं ए, तुझा भाऊ बघ, झकास वाढलाय." "तुझ्या भावाला नवीन घर दिलंय, दूध उतू घाल." काचेच्या नळीत बुरशी जगवायची तर तिला दर काही दिवसांनी ताज्या लापशीवर काढून ठेवावं लागतं. जगते. पण नळीतून नळीत, नळीतून नळीत, आयतं खाऊन खाऊन ती हळूहळू विसरते. आधी बीजाणू धरायचं विसरते. मग पानाला भोक पाडायचं विसरते. करडी मखमल पांढरी पडू लागते, कापसासारखी फुगते, दिसायला गोजिरवाणी. गोजिरवाणी झाली म्हणजे संपली. गेल्या वर्षी चेतनाने नळी उजेडाला धरली आणि बराच वेळ थट्टाच केली नाही. "जान्हवी," ती म्हणाली, "हा पांढरा पडला गं." प्रयोगशाळेतल्या भातावर फवारून पाहिलं. पानं हिरवीगार. दुसऱ्यांदा पाहिलं. हिरवीगार. ज्याला रोग करायचं आठवत नाही त्याला कोण सांभाळणार? यंदा कंपनीने प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात हलवायचं ठरवलं तेव्हा जगवण्यासारखे ताण गेले थंड पेटीतून, आणि उरलेले वाफेच्या मोठ्या कुकरात. भाऊ उरलेल्यांत होता.

"घरी नेतेस काय?" चेतनाने विचारलं होतं. नळ्यांचा ट्रे हातात, कुकरचं झाकण उघडं. तिने गंमत म्हणूनच विचारलं होतं.

"वेडी आहेस काय," जान्हवी म्हणाली. आणि डब्याच्या पिशवीत, वाटीखाली, रुमालात गुंडाळलेली नळी आधीच होती.

विसरलेल्याला आठवण करून द्यायचा एकच मार्ग असतो. जिवंत पान. आणि ते परक्या जातीचं नको, त्याचं त्याचं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, हे तिला वाटलं होतं, मेट्रोत उभी असताना, साकीनाका आणि असल्फाच्या मध्ये कुठेतरी. मुंबईभर, किंवा पृथ्वीवर म्हणा, नितेशच्या शेतातलं भात आता एकाच ठिकाणी होतं. गावच्या त्या तुकड्यात चुलत्यांनी काजू लावले होते. "आई, एक रोप दे ना. हापिसात तपासायचं आहे." सुगंधाने आनंदाने एक ठोंब कुंडीत लावून दिला. मुलगी या भातातलं पहिल्यांदा काहीतरी मागत होती. "ने, ने. तुमच्या सायबाक दाखव कसा काळाभोर आसा ता." तो ठोंब हापिसात गेलाच नाही. न्हाणीघरात, पिंपामागे, काळोखात, दमट, वरून प्लॅस्टिकची पिशवी. काच पुसायच्या बाटलीतून तिने त्यावर भाऊ फवारला. मोजून, रोजच्या कामासारखा. हे तिला नंतर आठवलं तेव्हा त्याचंच भय वाटलं. आईला सांगितलं, "हापिसाचं आहे, हात लावू नकोस." मग पिशवी काढली, दिवस गेले, पान हिरवंच राहिलं, आणि ती मनातल्या मनात म्हणाली, संपलं. बरं झालं. मग तिला नव्या जागेची पाहणी करायला दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं, आणि परत आल्यावर आठवडाभर तिने पिंपामागे वाकून पाहिलंच नाही.

आणि आता, तोंडातला फेस धुऊन, ती पिंपामागे पाहत होती. तिथे ओला गोल डाग होता, कुंडीच्या बुडाएवढा.

"आई, कुंडी कुठे गेली?"

"खंयची? ती व्हय. ती मी ठेवलंय ना भायर, सगळ्यांच्यात. तू गावाक गेललंस तेव्हाच."

"हात लावू नको म्हटलं होतं ना मी!"

"अगो पण त्या आजारी दिसाक लागला. काळोखात, पिंपाच्या मागे, एकटाच. दुखणेकऱ्याक एकट्याक ठेवूचा नसता गो बाय. आपल्या माणसात रवला काय बरा होता." सुगंधा बशीत चहा ओतत होती. तिचा हात बशीवर थांबला. "कोणाक तरी जवळ होया."

जान्हवी पुन्हा खिडकीशी गेली. ग्रिलच्या कोपऱ्यात, तिन्ही खोक्यांच्या कुशीत, सगळ्यांची पानं अंगावर घेऊन ती कुंडी बसली होती. खालची पानं उचलून पाहिली तर डोळेच डोळे.

पेर. हापिस आता निम्मं रिकामं होतं, पण एक सूक्ष्मदर्शक अजून राहिला होता. तिने पर्समधलं पान ओल्या कागदावर उजेडात ठेवलं आणि दुपारी काचेवर एक थेंब घेतला. खाली पाहिलं. होते. बीजाणू. पेरूएवढे म्हणावं तर हसू येईल, पण आकार पेरूचाच, एका टोकाला निमुळते, आत दोन पडदे, नितळ, शेकड्यांनी. तेच. अगदी तेच, पहिल्या पुडक्यातून निघाले होते तसे. तिच्या घशातून एक आवाज निघाला. चेतना उठून आली, तिला हलकेच बाजूला सारून तिने डोळा लावला, बारीक चाक फिरवलं, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"आठवलं वाटतं भावाला," ती न हसता म्हणाली.

"हो."

"आणि भात कुणाचं?"

जान्हवीने ओल्या कागदावरचं पान उचलून पर्समध्ये ठेवलं. चेतनाने मान वर केली.

"जान्हवी. भात कुणाचं, ते विचारतेय मी. आईचं?" मग ती शिव्या देत कपाटाकडे गेली, खोकी उपसली, एक लहान पुडी आणून तिच्या हातात कोंबली. "आज फवार. आज म्हणजे आज, समजलं? पोटरीत आलं असेल ना भात आता? लोंब्या बाहेर पडतील आठवड्यात. मानेत गेला तर वाट लागेल, तुला काय मी सांगायचं? पुनवेला लोंब्या बांधते ना तुझी आई? गेल्या वर्षी मला पण दिलेली तिने, माझ्या दाराला अजून आहे. सासू म्हणते आपल्यात नसतं हे, मी म्हटलं असू दे, दिसतं छान. ए, ऐकतेस ना? नाटक नको यार. फवार."

"फवारते."

पुडी पर्समध्ये गेली. त्याच चेनच्या कप्प्यात, पानाशेजारी.

आणि त्या संध्याकाळी तिने फवारलं नाही. का नाही याचं उत्तर द्यायला गेलं तर बरीच उत्तरं होती. वारा होता. आई खिडकीतच बसली होती. देवाच्या भातावर औषध मारलेलं तिला चाललं नसतं. पाऊस येईलसं वाटत होतं, धुऊन गेलं असतं. सगळी खरी होती आणि एकही उत्तर नव्हतं. खरं म्हणजे ती दिवा न लावता ग्रिलजवळ उभी राहिली आणि तिने एका डागावर बोट ठेवलं. पान किंचित खरखरीत लागलं. हा त्याने हाताने खुडलेल्या पानातून आला होता. नळीतून नळीत, आंधळा, पांढरा, सगळं विसरत इथपर्यंत आला होता, आणि घरचं पान लागल्यावर त्याला आठवलं होतं. आणि आता तिने काय करायचं? बाटली हलवून, चाप दाबून मारायचं त्याला? उद्या, ती म्हणाली. एक दिवसाने काय होतं? एक दिवसाने काय होतं हे महाराष्ट्रात जितकं तिला माहीत होतं तितकं फार थोड्यांना माहीत असेल. तिने स्वतः आलेख काढले होते. एक दिवस, एक दमट रात्र, आणि एका डागातून हजारो. उद्या.

सकाळी पानं ओली असायची. सप्टेंबर संपत आला तरी पाऊस हटत नव्हता, ऊन पडलं न पडलं की पुन्हा भुरभुर, सगळं कसं त्याच्या सोयीचं. ती चहाचा कप घेऊन ग्रिलजवळ जाऊ लागली. नवे डाग मोजत नव्हती, ओळखत होती. हा काल नव्हता. हा मोठा झाला. आई मागून बघायची. एकदा तिने जान्हवीच्या खांद्यावर पदर टाकला, वारा होता म्हणून. "सकाळी सकाळी भाताकडे येतस ता बरा वाटता माका," सुगंधा म्हणाली. "इतकी वर्सां माका वाटायचा, मी एकटीच बघतंय." मग दोघी उभ्या राहिल्या, दोघी एकाच पानांकडे पाहत, आणि त्या घरात किती वर्षांनी असं काहीतरी होतं ज्याला सुख म्हणता आलं असतं. पुडी पर्समध्ये होती. पर्स खुंटीला होती. जान्हवीला वाटलं, आता सांगावं. आई, हे जे पानावर आहे ना ते. पण सांगितलं की फवारावं लागलं असतं, आणि फवारलं की

"ह्ये तांबडे ठिपके कसले गो?"

"असेच. हवा खराब आहे."

"तुझ्या हापिसात इचार हा."

"विचारते."

मग मधल्या खोक्यातल्या एका रोपाच्या पेराला काळी कडी दिसली. मग दुसऱ्या. तो वर चढत होता. पानावरून पेरावर, पेरावरून वर, घर माहीत असलेल्या माणसासारखा, एकेक पायरी.

मान. लोंब्या निसवल्या त्या दिवशी सुगंधाने राधाताईंना वर बोलावलं. हिरव्या पोटऱ्यांतून लोंब्या बाहेर आलेल्या, टोकाला बारीक पांढरा फुलोरा, धूळ म्हणावी इतका बारीक. "दुपारी फुलता आणि लगेच मिटता," सुगंधा कुजबुजत होती, बाळ निजलं असावं तसं. राधाताईंनी पदर तोंडावर धरला, श्वास लागू नये म्हणून. "बाई बाई, आणि मी चादरींसाठी भांडत होते." दोघी हसल्या. जान्हवी हापिसातून आली तेव्हा त्या अजून हसत होत्या, आणि तिने खिडकीत पाहिलं. लोंबीच्या खाली, जिथे ती दांड्याला जोडलेली असते, त्या बोटभर जागी, तपकिरी पट्टा. एकीला. मग दुसरीला. मग तिने पाहणं थांबवलं. पर्स उघडली. पुडी पाण्यात कालवताना तिने प्रमाण तोंडपाठ असूनही वेष्टनावर वाचलं, पुन्हा वाचलं. राधाताई गेल्यावर, आई देवापाशी असताना, तिने सगळं फवारलं, पानं, पेरं, माना, कुंडी, ग्रिलच्या सळ्या, स्वतःचे हात. मानेत शिरल्यावर औषधाचा उपयोग नसतो. हे वाक्य ती किती गावांत बोलली होती. लोक माना डोलवायचे आणि मागे कुणीतरी म्हणायचं, मग आता काय करायचं, मॅडम? त्यावर ती पुढच्या हंगामाचं बोलायची.

लोंब्या पांढऱ्या पडल्या. पिकून पिवळ्या व्हायच्या त्याऐवजी, आठवडाभरात, सगळ्या. भरलेली लोंबी वाकते. या ताठ उभ्या राहिल्या, हलक्या, कापसाच्या रंगाच्या, वाऱ्यावर नुसता सळसळ आवाज करत. लांबून सुंदर दिसत. समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी मोबाइलवर फोटोसुद्धा काढला.

पुनवेच्या सकाळी सुगंधाने आंघोळ करून विळा घेतला. पांढऱ्या लोंब्या कापल्या, आंब्याची पानं, झेंडू, कुर्डूचं फूल, सगळं मांडून ती उंबऱ्यात बसली. तिने एक लोंबी तळव्यावर घेतली आणि जोखल्यासारखा हात हलवला. मग चिमटीत एक दाणा दाबला. तो चपटा झाला, नुसतं फोल.

"तुझ्या हापिसात ह्याका औषध नाय?"

"होतं," जान्हवी म्हणाली.

सुगंधाने वर पाहिलं. मग खाली. "माझीच चूक झाली," ती म्हणाली. "ती कुंडी मी भायर हाडलंय. तिचाच लागला ह्येंका. तू नको म्हणालेलंस. माका वाटला..."

"नाही, आई."

"नाय कशी? मी काय इतकी अडाणी नाय. एकाचा दुसऱ्याक लागता ता माका..."

"आई, मी लावलं ते." जान्हवी भिंतीला टेकून खाली बसली, आईच्या समोर, मध्ये झेंडूची फुलं. "त्या कुंडीला मीच लावलं. मुद्दाम. नितेशने पाठवलेलं शेवटचं पान होतं ना. त्यातला करपा. हापिसात ठेवला होता मी, इतकी वर्षं. ते टाकायला निघाले होते. तुझ्या भातावर तो पुन्हा धरला. औषध माझ्या पर्समध्ये होतं. मला मारवेना."

सुगंधा ऐकत होती की नाही कळत नव्हतं. जिन्यात कुणाची तरी मुलं धडधडत उतरली, दाराशी फुलं बघून एक म्हणाला, आजी, हॅपी दसरा, आणि दुसरा म्हणाला, अरे तो झाला, येड्या. ती दोघांकडे पाहून हसलीसुद्धा. मग जिना शांत झाला.

"जितो होतो?" तिने विचारलं.

"हो."

"इतकी वर्सां? तेना पाठवलेलो?"

"हो, आई."

सुगंधाने हातातली पांढरी लोंबी बाकीच्यांत ठेवली, सगळ्यांची टोकं सारखी केली. "मगे माका दाखवलंस नाय ता," ती म्हणाली.

एवढंच. जान्हवीला वाटलं होतं, ती ओरडेल. वाटलं होतं, विळा बाजूला ठेवून आत निघून जाईल, महिनाभर बोलणार नाही, नितेश गावी राहिला तेव्हा केलं तसं. जान्हवी उठली, खुंटीवरची पर्स काढली, आतल्या कप्प्यातून ते पहिल्या दिवशीचं पान काढून आईच्या तळव्यावर ठेवलं. सुकून गुंडाळी झालेलं. सुगंधाने ते बोटाने सरळ केलं, चष्मा वर सारून डोळ्यांजवळ नेलं. डाग अजून तसाच होता, राखेचा, विटकरी काठाचा. तिने त्यावर बोट फिरवलं, हळू, पुन्हा पुन्हा, ताप बघताना कपाळावरून फिरवतात तसं.

"ह्यात आसा अजून?"

"असेल. सुकलेल्या पानात राहतो तो बरेच दिवस."

सुगंधाने मान हलवली. पान जान्हवीच्या हातात परत दिलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. पायाखाली स्टूल घेऊन तिने दारावरचं गेल्या वर्षीचं नवं सोडवलं. तेल, धूळ, उदबत्तीचा धूर बसून काळं झालेलं, आंब्याची पानं चुरा चुरा. ती पुन्हा खाली बसली आणि त्या काळ्या लोंब्या तिने तळहातांमध्ये चोळल्या. फुंकर मारली. तळव्यावर दाणे उरले, थोडे, तांबूस. त्यातला एक दातांखाली धरला. कट्ट आवाज झाला.

"भरलेलो आसा," ती म्हणाली. "बघूया. रुजलो तर रुजलो." मग जान्हवीकडे न पाहता, "पण ता पान आणि ह्या बियाणा एका घरात नको गो बाय."

पांढऱ्या लोंब्या तिने दाराला बांधल्याच. झेंडू पुढे घेतला, आंब्याची पानं भोवती, दोऱ्याच्या गाठी घट्ट. जान्हवी स्वयंपाकघरात गेली. पालथा डबा सुलटा करून तिने ओट्यावर ठेवला, आईला हाताशी यावा म्हणून. मग गॅस पेटवला, बारीक केला. पान चिमट्यात धरलं. त्या दिवशी घाटात, दरडीपाशी, बस थांबलेली असताना तिने आईला पन्नासदा सांगितलं होतं, पोचू आपण, आपण गेल्याशिवाय नाही करणार ते. पान आधी आखडलं, डाग क्षणभर मोठा झाल्यासारखा वाटला, मग कडेने केशरी रेघ धावत आली. धूर जेमतेम निघाला. ती चिमटा धरून उभी राहिली, शेवटचा काळा धागा गळून पडेपर्यंत उभी राहिली.

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"गो बाय," दारातून आई म्हणाली, आणि तिने नाक वर करून हवा हुंगली. मग म्हणाली, "भाजावळीचो वास इलो."